साक्षीदार फितूर का होतात, साहेब?

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,

जय भीम साहेब.

मी जामखेड तालुक्यातला, खर्ड्यापासून लांब नाही. २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात आमच्या समाजाच्या १७ वर्षांच्या पोराला मारलं, कारण काय तर वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, आणि बॉडी झाडाला लटकलेली सापडली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टाने आरोपी निर्दोष सोडले, कारण साक्षीदार फितूर झाले.

लोकांना वाटतं निकाल लागल्यावर वस्तीत आरडाओरडा झाला असेल. मोर्चे निघाले, निवेदनं दिली, ते सगळं झालं, पण घराघरात काय झालं ते सांगतो. मोठी माणसं गप्प झाली. माझ्या चुलत्यांनी टीव्ही बंद केला आणि उठून जनावरांना पाणी पाजायला गेले, त्या दिवशी परत त्यावर एक शब्द बोलले नाहीत. रात्री आई माझ्या भावाला म्हणाली, तुझा मोबाईल दाखव, कोणत्या पोरीचा नंबर असेल तर आत्ता काढून टाक. ज्या आईने आम्हाला मान वर करून चालायला शिकवलं तीच हे बोलत होती साहेब. पुढच्या महिनाभरात दोन-तीन घरांनी आपली पोरं पुण्याला कामाला लावून दिली, शिक्षण अर्धवट टाकून.

आणि फितूर झालेल्यांना शिव्या द्यायला फार कोणी पुढे आलं नाही, कारण त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हे प्रत्येकाला माहीत होतं. ज्याच्या रानात रोजाने जायचं, ज्याच्या दुकानात उधारी, ज्याच्याकडून लेकीच्या लग्नाला पैसे उचललेले, त्याच्याच भावकीविरुद्ध पिंजऱ्यात उभं राहायचं आणि संध्याकाळी त्याच गावात परत यायचं. साडेतीन वर्षं केस चालली, एवढा काळ माणूस कुणाच्या जिवावर टिकणार?

त्याच महिन्यात नगरमध्येच कोपर्डीच्या मुलीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या केसचा निकाल लागला, त्या लेकीला न्याय मिळाला, मिळायलाच पाहिजे होता, आम्हालाही बरं वाटलं. ती केस जुलै २०१६ ची, म्हणजे सोळा महिन्यांत निकाल. आमच्याच जिल्ह्यातल्या सोनईच्या तिहेरी हत्याकांडाची केस नाशिकला नेली आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा लागली. म्हणजे मनात आणलं तर होतं ना साहेब? मग खर्ड्याच्या वेळेसच का नाही झालं, हे वस्तीतली म्हातारी माणसं अजून विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

ॲट्रॉसिटी ॲक्टमध्ये कलम १५अ आहे, जानेवारी २०१६ पासून लागू आहे, म्हणजे खर्ड्याच्या निकालाच्या आधीपासून. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडली तर दुसरीकडे राहायची सोय, सगळं त्यात लिहिलंय. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. पण आमच्याकडे साक्षीला जाणारा माणूस अजून एसटीने जातो, आणि कधी कधी त्याच एसटीत आरोपीचे नातेवाईक बसलेले असतात.

म्हणून मागणी एवढीच, ॲट्रॉसिटीच्या खुनाच्या प्रत्येक केसमध्ये पहिल्या दिवसापासून साक्षीदारांची यादी घेऊन कोणीतरी अधिकारी वस्तीत यावा, कोण कोणाकडे कामाला आहे, कोणाची उचल कोणाकडे आहे ते विचारावं, आणि केस संपेपर्यंत त्या घराच्या चुलीची जबाबदारी सरकारने घ्यावी. माझा पोरगा आता अकरावीला आहे. तो विचारतो, पप्पा, तुम्ही साक्ष दिली असती का? त्याला मी अजून हो म्हणू शकलेलो नाही.

आपला,
जामखेड तालुक्यातला एक बाप