जर्मनीला माणसे पाठवताय, तर आधी त्यांचे दाखले नीट करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना पाठवायचे आणि त्याआधी त्यांना जर्मन भाषा शिकवायची, असे त्याचे स्वरूप आहे. मी गेली काही वर्षे याच राज्यात, स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहते. आपली मुले-मुली इथे येणार याचा मला मनापासून आनंद आहे. इथल्या रुग्णालयांना आणि कारखान्यांना माणसे खरोखरच हवी आहेत. पण या योजनेबद्दल जे वाचायला मिळते त्यात सगळा भर भाषेवर असतो. कागदपत्रांचा विषय कोणी काढत नाही. इथे आल्यावर माणूस भाषेपेक्षा कागदांपायी जास्त मेटाकुटीला येतो, म्हणून हे पत्र.

सुरुवातीच्या कटकटी सगळ्यांनाच असतात. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. ती नोंद झाल्याशिवाय कर क्रमांक येत नाही, आणि तो नसला की पगारातून जास्तीत जास्त कर कापला जातो. घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क भरावे लागते. भारतातला वाहन परवाना सहा महिनेच चालतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा पुन्हा. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात ‘टर्मिन’, म्हणजे भेटीची वेळ मिळता मिळत नाही. हे सगळे त्रासाचे आहे, पण नियम लिहून ठेवलेले आहेत, शेजाऱ्यांना विचारून उलगडतात आणि वर्षभरात माणूस त्यातून पार पडतो.

खरी अडचण लग्न किंवा बाळंतपणाच्या वेळी उभी राहते. इथे मूल जन्मले की आठवड्याच्या आत कळवावे लागते आणि नोंदणी कार्यालय आईवडिलांचे जन्मदाखले व विवाह प्रमाणपत्र मागते. आपल्याकडे माझ्या पिढीचे सगळे आयुष्य शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावले. पासपोर्टही त्यावर मिळाला. जन्मदाखला कोणी मागितलाच नव्हता. तो मागवला तेव्हा त्यावर ‘बाळाचे नाव’ हा रकाना रिकामा होता. खाली ‘मुलगी’ एवढेच, आणि आईचे नुसते नाव, आडनाव नाही. बाळंतपण माहेरी, बारसे नंतर, आणि नाव घालायला नगरपालिकेत पुन्हा कोण जातो? हजारो घरांत हेच झालेले आहे. नाव नंतर घालता येते, पण त्याला मुदत आहे. सरकारने मधूनमधून त्यात सवलत दिली, ती गावातल्या कार्यालयात कोणाला माहीत नसते. माझ्या आईला त्या एका रकान्यासाठी उन्हातान्हात खेटे घालावे लागले.

त्यात आपल्या नावांची पद्धत. पासपोर्टमध्ये वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आपल्या नावाला जोडून एकाच रकान्यात येते. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, आणि मधले नावही बदलते. जर्मन अधिकाऱ्याला दिसते ते असे, की जन्मदाखल्यावरची मुलगी, विवाह प्रमाणपत्रावरची वधू आणि पासपोर्टवरची बाई या तिघी वेगवेगळ्या आहेत. तो शंका घेतो यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. त्याच्यासमोर खरोखरच तीन नावे असतात. गावाकडच्या कित्येकांच्या बाबतीत तारखेचाही घोळ असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेले असते आणि नोंदवहीत भलतीच तारीख निघते.

आता जी गोष्ट इकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली पाहिजे ती. पुण्या-मुंबईतले एजंट परदेशी जाणाऱ्याला सरसकट अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मानला जावा म्हणून सरकार मारते तो शिक्का, करून घ्यायला सांगतात आणि त्याचे पैसे घेतात. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या हेग करारात सामील झाला हे खरे. पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला, त्यामुळे या दोन देशांत तो करार लागू नाही. आपल्या दाखल्यावरचा अपोस्टिलचा शिक्का मानण्याचे इथल्या कार्यालयावर बंधन नाही. त्याऐवजी कागद भारतातल्या जर्मन वकिलातीकडे जातात, वकिलात स्वतःच्या विश्वासातला वकील नेमते आणि तो वकील प्रत्यक्ष त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन मूळ नोंदवही बघतो. खर्च आपला, आणि वेळ कित्येक महिने.

तोवर बाळाला रीतसर जन्मदाखला मिळत नाही. फार तर नोंदीचा उतारा मिळतो, त्यावर आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा असतो. स्वतःच्या लेकराच्या कागदावर ते वाक्य वाचताना काय वाटते ते मी सांगू शकत नाही. आमच्या हातात तर पहिले कित्येक आठवडे तोही उतारा नव्हता. बाळाचा भारतीय पासपोर्ट त्या कागदावर, राहण्याचा परवाना त्या पासपोर्टवर, अशी साखळी असते. पालकांना मिळणाऱ्या भत्त्याच्या अर्जालाही बाळाच्या जन्माचा कागद लागतो, आणि अर्ज उशिरा केला तर भत्ता मागचा तीन महिन्यांचाच मिळतो.

आणि तो वकील गावात पोचल्यावर काय होते? ग्रामसेवक दुसऱ्या गावाच्या कामावर असतो. जुने दप्तर कोणत्या कपाटात आहे ते शिपायाला माहीत नसते. अनोळखी माणूस नोंदवही मागतो म्हणून लोकांना संशय येतो. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याच्या अहवालात नोंद पडताळता आली नाही असे आले, आणि वही त्याच कार्यालयात होती. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे, आणि त्यानुसार नोंदीचा शोध घेऊन उतारा मागण्याचा हक्क कोणालाही आहे.

राज्य सरकारला हे सगळे दुरुस्त करणे अवघड नाही. जर्मन भाषेच्या वर्गात नाव नोंदवतानाच प्रत्येकाचा जन्मदाखला तपासावा, आणि रिकामे रकाने व स्पेलिंगमधले फरक प्रशिक्षणाच्या काळातच दुरुस्त करून द्यावेत. दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असावा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय झाला. तो मला फार आवडला, पण बाळाचे स्वतःचे नाव, आईचे, वडिलांचे आणि आडनाव असे वेगवेगळे रकाने छापले नाहीत, तर या मुलांना उद्या आमच्यापेक्षा जास्त त्रास होईल. विवाह प्रमाणपत्रावर बाईचे लग्नाआधीचे आणि नंतरचे, अशी दोन्ही पूर्ण नावे असावीत.

ग्रामविकास आणि नगरविकास विभागांनी एक परिपत्रक काढून, वकिलातीच्या पत्रासह येणाऱ्याला मूळ नोंदवही ठरावीक दिवसांत दाखवावी आणि न सापडल्यास तसे लेखी द्यावे, असे सर्व कार्यालयांना कळवावे. पहिली तुकडी निघण्याआधी एवढे झाले तरी पुष्कळ आहे. ज्यांची मुले सध्या जर्मनचे वर्ग करत आहेत त्या पालकांनी मात्र सरकारची वाट न पाहता या आठवड्यातच जन्मदाखला काढून नावाचा रकाना बघून घ्यावा.

आपली,
एक वाचक
बाडेन-व्युर्टेम्बर्ग, जर्मनी (मूळ सातारा जिल्हा)