आई, यंदा भाजल्यावर हळद नको

पुणे,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि आई विषय भाजणीवर नेते. म्हणून लिहूनच पाठवतेय. फ्रीजवर चिकटवा. चिकटवलंय की नाही ते भाऊबिजेला आले की बघेनच.

आई, गेल्या भाऊबिजेला दादाच्या पाटाभोवती रांगोळी घालताना तुझ्या पाटल्या वर सरकल्या आणि मनगटावर पिवळा पट्टा दिसला. तीन दिवस तो तू पदराखाली लपवला होतास. करंजीची कड तेलात सुटली, सारण बाहेर आलं, तेल उडालं, तू वर हळद थापलीस आणि उरलेल्या करंज्या तळून मगच उठलीस! दवाखान्यात ती हळद धुवून काढताना तू जेवढी कळवळलीस, तेवढी भाजलं तेव्हाही कळवळली नसशील. पण धुतल्याशिवाय डॉक्टरांना खाली किती खोल भाजलंय तेच दिसेना. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, मलाही तिचा अभिमान आहे. पण तिची जागा आमटीत.

भाजल्यावर करायचं ते इतकं साधं आहे की तुला पटणार नाही. आधी पाटल्या-बांगड्या-अंगठी काढायची, कारण सूज आली की निघत नाहीत. मग हात नळाखाली धरायचा, पूर्ण वीस मिनिटं. दोन मिनिटांत बरं वाटलं तरी काढायचा नाही. वरून गार झालं तरी आत कातडीत उष्णता राहते आणि भाजणं चालूच राहतं. बर्फ नको, त्यानं कातडीला आणखी इजा होते. टूथपेस्ट, तूप, शाई काही नको. फोड फोडायचा नाही. स्वच्छ सुती कापड सैलसर गुंडाळायचं. तळहातापेक्षा मोठं असेल, किंवा चेहऱ्यावर, बोटांवर, सांध्यावर असेल तर लगेच दवाखाना. तुला साखर आहे, तेव्हा छोटं भाजलं तरी दाखवायचंच. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतंस तेही आठवून ठेव.

आणि तेलानंच पेट घेतला तर पाणी अजिबात ओतायचं नाही. पाणी तेलाच्या खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, कढईवर सपाट झाकण किंवा परात सरकवायची आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडून बघायचं नाही. कढई उचलून मोरीकडे पळायचं तर मुळीच नाही. तळताना परात हाताशीच ठेव.

आता बाबा. शिलाई मशीनचं स्टूल, स्टुलावर पाट, पाटावर तुम्ही आणि तुमच्या हातात आकाशकंदील. "आयर्विन पुलासारखा भक्कम आहे मी," असं वर तोंड करून म्हणता. आपला सांगलीचा कृष्णेवरचा पूल 1929 पासून उभा आहे खरा, पण त्याच्याखाली स्टूल नाही. स्टेंट बसल्यापासून तुम्ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेता. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला की बाहेर साधं टेंगूळ दिसतं आणि आत रक्तस्राव होत राहतो, कधी कधी दुसऱ्या दिवशी कळतो. म्हणून पडलात आणि डोकं आपटलं, तर "काही होत नाहीये" म्हणत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि गोळीचं नाव आधी सांगायचं. पण मुळात चढूच नका. वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा कंदील लावून देईल, मी त्याच्याशी बोललेय. त्याला चिवडा द्या. माळ्यावरची पितळी भांडीही तोच काढेल.

नरकचतुर्दशीच्या पहाटेची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. गारठ्यामुळे न्हाणीघराची खिडकी बंद, गॅसचा गीझर चालू आणि एकामागून एक सगळ्यांच्या आंघोळी. बंद जागेत त्या गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं आणि माणूस तिथंच कोसळतो. खिडकीची एकही काच लावू नका. बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, मग आत जा. कडीही लावू नका, घरचीच तर माणसं आहेत. कुणाला गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत आणायचं. आणि तेल-उटण्यानं फरशी निसरडी होते, तेव्हा प्रत्येकाच्या आंघोळीनंतर साबणाची पावडर टाकून खराटा फिरवायचा. अभ्यंग पाटावर नको, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून करा. उठताना गुडघे तुम्हालाच दुवा देतील.

हो, एक राहिलंच. 2019 च्या पुरानंतर आपल्याकडे ब्लीचिंग पावडरचा डबा कायमचा मुक्कामाला आहे. संडास घासताना ती आणि अॅसिड कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, घसा आणि छाती जाळतो.

फटाक्यांचं काय सांगू, नातवंडांपेक्षा बाबांनाच हौस. विझलेल्या फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली असते, ती पाण्याच्या बादलीत टाकायची. न उडालेल्या भुईनळ्यावर वाकून बघायचं नाही, बाबा.

कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा: रुग्णवाहिका 108, गॅसगळती 1906. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या आणि फोन अंगणात जाऊन करायचा.

आई, यंदा मी आल्यावर सगळं तयार पाहिजे असं काही नाही. करंज्या आणि लाडू पुरेत. चकलीची भाजणी दळून ठेव, सोऱ्या वर असेल तर त्या मुलाकडून खाली काढून घे. तळणार मी. तू समोर खुर्ची टाकून बस आणि मोहन कमी पडलं म्हणून नावं ठेव.

तुमची,
लेक