आठवण: रविवारची चर्चा, स्वातंत्र्याबरोबर वयात आलेली मुले

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता आपण झिम्बाब्वेतल्या तरुण पिढीवर बोलणार आहोत. १८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला, प्राथमिक शिक्षण मोफत झाले. १९८२मध्ये राजधानी सॉल्सबरीचे नाव हरारे झाले. पूर्वी गोऱ्यांपुरत्या राखलेल्या शाळांत काळी मुले शिकू लागली.

मला मात्र यातल्या मैत्रीचा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. एकाच गावचे दोन मित्र घ्या. एक शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकून मोठा होतो, दुसरा गावातच राहतो. सुट्टीत भेटले की पहिल्याला शोना ही मातृभाषा बोलताना शब्द अडतात आणि दुसरा गप्प होतो. दोघांचाही दोष नाही, तरी अंतर पडतेच. ते भाषेमुळे, की पुढे मिळू शकणाऱ्या नोकरीमुळे? यावर कृपया विचार करूनच या. १९९१नंतरच्या आर्थिक पुनर्रचनेत शालेय शुल्क परत आले, तेही बोलण्यात येईल.

नव्या सभासदांनी संकोच करू नये. तुमचा जुना मित्र असा दुरावला असेल, तर ती आठवण जरूर सांगा. येणार नसाल, तर शनिवारपर्यंत कळवा.