दोन इसा न् सात

फोब्जिखा, भूतान
१३ नोव्हेंबर

ती. आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही 'बरी आहेस ना? मग देतो आईकडे' एवढंच बोलता, म्हणून हे पत्र. तुम्ही ते हातात लाल पेन घेऊन वाचणार हे मला माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर खुशाल गोल करा. आणि रात्री नऊचा फोन जरा अलीकडे आणा. इथलं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास आहे आणि थंडीत साडेनऊ म्हणजे मध्यरात्र.

थंडीचं एकदाच सांगते, मग तक्रार नाही. ही दरी साधारण २,९०० मीटर उंचीवर आहे. पहाटे नळाला पाणी नसतं, कारण ते नळातच गोठलेलं असतं. रात्री बादली भरून ठेवावी, तर सकाळी तिच्यावर बर्फाचा पापुद्रा. वसतिगृहातली पोरं तो मगाने फोडून तोंड धुतात नि प्रार्थनेला उभी राहतात. मी मात्र बुखारीवर, म्हणजे लाकडाच्या शेगडीवर, पाणी तापेपर्यंत माणसात नसते. जेवणाचं आईला सांगा की मिरची इथे मसाला नाही, भाजी आहे. चीजमध्ये शिजवलेल्या अख्ख्या मिरच्या, एमा दात्शी. आता सवय झाली.

वर्गात बत्तीस पोरं. हजेरीपटात आडनावाचा रकाना नाही, कारण बहुतेकांना आडनावच नाही. नाव बहुतेक वेळा लामा ठेवतात, आणि सोनम, कर्मा, त्शेरिंग ही नावं मुलालाही चालतात, मुलीलाही. पहिला महिना वह्यांचा गठ्ठा घेऊन कुठला सोनम नि कुठली सोनम हेच शोधत बसायची. आडनाव ऐकून पोराचा सातबारा ओळखणाऱ्या आपल्या लोकांची इथे भलतीच पंचाईत होईल.

मुलांचा गणवेश म्हणजे घो. गुडघ्यापर्यंतचा अंगरखा कमरेला पट्ट्याने आवळला की पोटावर मोठी खोळ तयार होते, आणि सगळा संसार त्या खोळीत. पेन्सिल, गोट्या, वही, कधी उकडलेला बटाटा, आणि छुगो. छुगो म्हणजे याकच्या दुधाचं दगडासारखं वाळवलेलं चीज. तास संपतो, तुकडा संपत नाही. तोंडात काय आहे विचारलं की गाल फुगलेला ठेवून उत्तर येतं, 'नथिंग, मॅडम ला.' हा 'ला' आपल्या 'जी'सारखा. खोटं बोलतानाही आदर सुटत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. चौथीतला एक मुलगा, हुशार, पण स्थानिक किमतीत सारखा अडकायचा. मी काड्या दिल्या नि सत्तेचाळीस मांडायला सांगितलं. त्याने दोन मोठे गठ्ठे केले आणि सात सुट्या ठेवल्या. मी म्हटलं, दहा-दहाचे कर. त्याने गठ्ठे सोडले, मान खाली घालून पुन्हा मोजलं, आणि पुन्हा दोनच गठ्ठे. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी वहीत फुली मारली. लाल पेनने, आप्पा. शिवाय बाकीच्यांसमोर 'नीट ऐकत जा' असंही बोलले.

त्याच आठवड्यात बटाटे आणायला त्याच्या घरी गेले. बटाटा हेच इथलं नगदी पीक. काढणी झाली की पोती ट्रकने सीमेवर फुंत्शोलिंगला लिलावाला जातात, आणि तिथून बराचसा माल आपल्याकडेच येतो. त्याची आजी निवडून ठेवलेले बियाण्याचे बटाटे मोजत होती. वीस झाले की एक खडा बाजूला. पुन्हा वीस, पुन्हा एक खडा. नातू शेजारी बसून खडे सांभाळत होता.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत झोंखा, म्हणजे इथली राष्ट्रभाषा, शिकवणाऱ्या सरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, शाळेत दहाची मोजणी शिकवतात, पण जुनी माणसं विसाने मोजतात. वीस म्हणजे एक खे. चाळीस म्हणजे दोन खे. वीस वेळा वीस झाले की चारशेला स्वतंत्र शब्द, जसा आपल्याकडे शंभराला. आणि तीस? तीसला म्हणतात 'दोन खेंना अर्धा कमी'.

हे ऐकलं आणि मला तुमचा फळा दिसला. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसऱ्याला अर्धा कमी, हे तुम्ही शिकवलं होतं. तेव्हा मला ते पाठ झालं होतं, कळलं नव्हतं. पाठोपाठ आजी आठवली, अंगणात शेणी मोजणारी. 'दोन इसा न् सात.' तिचा हिशेब कधी चुकला नाही, आणि आम्ही शाळेतली पोरं तिला 'आजी, सत्तेचाळीस म्हण' म्हणून हसायचो. त्या मुलाने मला नेमकं तेच मांडून दाखवलं होतं, दोन इसा न् सात. आणि मी फुली मारली.

सोमवारी त्याला फळ्यापाशी बोलावलं नि म्हटलं, तुझ्या पद्धतीने कर. झाले दोन खे. मग प्रत्येक खे सोडायला लावून त्याचे दोन-दोन दहा बांधायला सांगितले. पाव तास लागला. बाकीची पोरं पुढे सरकून बघत होती. मी फुली खोडून बरोबरची खूण केली, 'सॉरी' म्हटलं. त्याने वही घोच्या खोळीत सारली नि जागेवर जाऊन बसला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, 'मॅडम ला, पण दहाच का?' मी दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. ती बोटांकडे पाहून झाल्यावर आपल्या बुटांकडे बघायला लागली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कळवा.

परवा ११ तारखेला क्रौंचांचा उत्सव झाला. ऑक्टोबर संपता-संपता तिबेटातून काळ्या मानेचे क्रौंच या दरीत येतात नि थंडीभर राहतात. उतरण्याआधी ते वरच्या गांगते मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, असं लोक सांगतात. मी एक नीट पाहिली, दुसरीत मान दुखली. पक्षी तारांना धडकू नयेत म्हणून दरीतल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. मठाच्या अंगणात पोरं पांढरे पंख लावून नाचली. संध्याकाळी दलदलीत उतरणारे पक्षी मोजायला मी वर्गाला नेलं. निम्मे दहाने मोजत होते, निम्मे खेने. आकडे जुळले नाहीत, कारण क्रौंच एका जागी थांबत नाहीत. त्यावरून परत येईपर्यंत भांडण.

निघताना तुम्ही विचारलं होतं, आपल्या वाड्या-वस्त्यांवरची पोरं काय कमी होती? तुम्ही सारी नोकरी दोन शिक्षकी शाळेत काढलीत, तुम्हाला विचारायचा हक्क आहे. मी तेव्हा गप्प बसले आणि आजही पूर्ण उत्तर नाही. एवढंच कळलंय की तिकडे असते तर फुली मारून पुढच्या धड्याला गेले असते. सगळं आपल्याच भाषेत चाललंय म्हटल्यावर पोराला काय म्हणायचंय हे विचारायची गरजच वाटली नसती. इथे विचारावं लागतं, कारण मला निम्मं कळत नाही. दोन वर्षांचा करार संपला की परत यायचं की नाही, यावर समोरासमोर बोलू. आईला आत्ताच काही सांगू नका.

डिसेंबरच्या मध्यात शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागेल. फुंत्शोलिंगला उतरून हासीमाराहून गाडी धरायची आहे. तिकीट अजून वेटिंगवर आहे.

तोवर एक काम करा. आजी 'दीड इसा' म्हणायची की 'इसा न् दहा', हे मला काही केल्या आठवत नाही. वाडीतल्या कुणा म्हातारीला तीस मोजायला लावा आणि ती जसं म्हणेल तसंच लिहून ठेवा, शुद्ध करू नका. झोंखाच्या सरांना सांगायचं कबूल केलंय.

आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
थोरली