घाट उतरायचा कसा, हे कोण सांगणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मित्रांसोबत कोल्हापूरहून सायकलवरून गगनबावडा आणि पुढे कोकणात उतरणारा करूळ घाट करण्याचा लेख आला आहे. काल दिवसभर तो व्हॉट्सॲपवर फिरत होता आणि येत्या रविवारचे बेतही ठरू लागले आहेत. म्हणूनच हे पत्र लगेच लिहितो आहे. लेखात धुके आहे, दरीचे फोटो आहेत, मिसळ कुठे खायची तेही आहे. ब्रेकबद्दल मात्र एक ओळ नाही. उलट, घाट उतरायला कष्ट पडत नाहीत, सायकल आपोआप खाली जाते, असे लेखक महाशय लिहितात. सायकल आपोआप खाली जाते हे खरेच आहे. ती थांबवायची कशी, हे लिहायला हवे होते.

पन्हाळ्याची आणि गगनबावड्याची सहल एका मापाने मोजू नये. पन्हाळ्याला वाघबीळपासून चढ लागतो. दम संपला तर जिथे असाल तिथून मागे वळायचे, घरापर्यंत उतार आणि सपाटी. गगनबावड्याचे गणित नेमके उलटे आहे. फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज असे करत साधारण ५५ किलोमीटर जायचे. रस्ता चढउताराचा, पण अंगावर येणारा नाही. नवखा माणूसही तीन-साडेतीन तासांत गगनबावड्यात पोहोचतो, आणि तिथेच त्याची फसगत होते. आपण घाटमाथ्यावरचे लोक. आपल्याकडून निघाले की घाट आधी उतरावा लागतो. करूळ घाटात दहाएक किलोमीटरमध्ये जवळपास पाचशे मीटर उंची जाते. म्हणजे तळहात सुजलेले, खांदे आखडलेले असताना सर्वांत अवघड उतार, आणि वैभववाडीकडून परत फिरल्यावर भर उन्हात तोच चढ, त्यापुढे पुन्हा ५५ किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गगनबावड्यातूनच परतावे हे माझे स्पष्ट मत आहे. त्यात काही कमीपणा नाही.

आता ब्रेकचे. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो धरा. पाचशे मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने सव्वा लिटर थंड पाण्याला उकळी येईल. त्यातली काही वारा खातो. वळणावळणाला वेग मारत उतरणाऱ्याच्या बाबतीत उरलेली बहुतेक सगळी ब्रेकमध्ये जाते. रिमवर घासणारे रबरी ब्रेक असतील तर ती उष्णता रिममध्ये, तिथून ट्यूबमध्ये. आतली हवा तापून दाब वाढतो, जुन्या पंक्चरच्या ठिगळाचा गोंद सैल होतो, आणि ट्यूब नेमकी उतारावर बसते. रिमच्या आतली पट्टी सरकलेली असेल तर आऱ्यांच्या भोकाशी ट्यूब कापली जाते. म्हणून घाटात जाणाऱ्या सायकलच्या पुढच्या चाकात ठिगळाची ट्यूब ठेवूच नये. नवी घालावी आणि ठिगळाची पिशवीत न्यावी.

डिस्क ब्रेक आहेत म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. पंधरा-वीस हजारांच्या सायकलींना बहुधा वायरवर चालणारे डिस्क ब्रेक असतात. त्यातल्या बऱ्याच ब्रेकमध्ये एकच पॅड हलते, आतल्या बाजूचे जागेवरच असते. पॅड झिजत जातात तसा ब्रेकचा दांडा हँडलच्या जवळ येत जातो. अशा वेळी दुकानदार वायर ओढून देतो आणि दांडा पुन्हा कडक लागतो. पण आतले पॅड तसेच लांब राहते आणि हलणारे पॅड डिस्कला त्याच्यावर वाकवत बसते. आधी आतले पॅड, त्याच्या मागच्या खटक्याच्या चकतीने किंवा ॲलन कीने (षटकोनी पान्याने), डिस्कला जेमतेम न लागेल इतके जवळ आणायचे. वायर त्यानंतर. पॅडवरचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. त्यापुढे लोखंडावर लोखंड घासते. आणि चेनवर स्प्रे मारताना डिस्कवर फडके धरायचे. तेलाचे दोन शिंतोडे डिस्कवर उडाले तर पॅड ते शोषून घेतात, मग ब्रेक नुसता किंचाळतो, धरत नाही. डिस्क स्पिरिटने पुसता येते, तेल प्यालेले पॅड मात्र बदलावेच लागतात.

माझी खरी तक्रार आहे ती भाड्याने सायकली देणाऱ्यांबद्दल. कुणाचे नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एकाची नाही. शनिवारी संध्याकाळी सायकल ताब्यात देताना टायर दाबून दाखवतात, घंटी वाजवून दाखवतात, आधारकार्डची झेरॉक्स घेतात. ब्रेकच्या रबरावर झिजेच्या खाचा असतात, त्या कधीच्याच पुसल्या गेलेल्या असतात. दांड्यापाशी ब्रेकच्या वायरचे दोन-तीन धागे तुटून फुलासारखे उमललेले असतात. शहरात सिग्नलला थांबायला असा ब्रेक पुरतो. घाटात आठव्या-नवव्या वळणावर, सारखा दाबून धरल्यावर, तीच वायर तुटते. विचारले तर "काही होत नाही ओ, सगळे नेतात" हे उत्तर ठरलेले. वायरची किंमत किती आणि माणसाची किती, हा प्रश्न त्यांना कुणी विचारायचा? आपल्या वर्तमानपत्राने विचारावा.

तोपर्यंत घेणाऱ्याने दुकानाच्या दारातच तीन गोष्टी कराव्यात. सायकल हाताने पुढे ढकलत पुढचा ब्रेक दाबायचा. मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले पाहिजे. मग मागचा दाबायचा. चाक न फिरता फरफटत आले पाहिजे. पूर्ण दाबल्यावर दांडा आणि हँडल यांच्यात दोन बोटे शिरली पाहिजेत. यातले काहीही चुकले तर सायकल परत द्यावी, डिपॉझिटवरून वाद झाला तरी चालेल. हवेचेही तसेच. रोड सायकल आणि बऱ्याच हायब्रिडच्या ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असतो, त्यावर असळजच्या काय किंवा गगनबावड्याच्या काय, पंक्चरवाल्याची नळी बसत नाही. तीस-चाळीस रुपयांचे पितळी टोपण मिळते, ते जवळ असले की काम भागते. ग्रुपमध्ये एक जरी घेऊन आला तरी पुरे.

उतरताना पुढचा ब्रेक दाबू नये, माणूस हँडलवरून पलीकडे जातो, असे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. निव्वळ मागच्या ब्रेकवर घाट उतरणारी पोरे याच शिकवणीची. उतारावर वजन पुढच्या चाकावर जाते, मागचे हलके होते. मागचाच ब्रेक दाबला की ते चाक जॅम होऊन घसरते आणि सायकल आडवी होते. दोन्ही ब्रेक लावायचे, जोर पुढच्यावर जास्त, आणि बसायची जागा सीटच्या मागच्या कडेला. हँडलवरून माणूस जातो तो वळणात घाबरून पुढचा ब्रेक एकदम आवळल्यामुळे. म्हणून वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, कमी करायचा. वळणात ब्रेक जवळजवळ सोडलेला असावा. सरळ पट्ट्यात ब्रेक हलका हलका सतत घासत ठेवण्यापेक्षा घट्ट दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या काळात त्याला वारा लागतो. घाटाच्या मध्यावर रुंद जागा बघून दहा मिनिटे थांबायचे. डिस्कला बोट लावायचे नाही आणि गार करायला बाटलीतले पाणी तर अजिबात ओतायचे नाही, ती वाकते.

एकमेकांच्या मागे चिकटून, गप्पा मारत उतरणे ही आणखी एक खोड. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरपेक्षा जास्त. पुढचा पडलेला दिसून बोटे दांड्यावर आवळेपर्यंतच एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या, सपाट रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी सात-आठ मीटर. घाटात उतार आहे, सकाळी दव आहे, वळणावर खडी आहे. दोन सायकलींमध्ये तीसेक मीटर अंतर असलेच पाहिजे. खालून येणाऱ्या एसटीला आणि ट्रकला वळणावर अख्खा रस्ता लागतो, आणि अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असा नियम आहे. आपण कडेला थांबायचे, हात करायचा, ते गेले की निघायचे.

लेखातल्या पहाटे चारला निघण्याच्या सल्ल्याबद्दलही लिहिलेच पाहिजे. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे तीन तास अंधारात, तेही उसाच्या गळीत हंगामात, कुंभी-कासारी साखर कारखान्याच्या पट्ट्यातून! ऊस ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंना आणि मागे बाहेर आलेला असतो, वाढे लोंबत असतात, मागचा दिवा असला तरी उसाखाली झाकलेला असतो आणि रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. अंधारात सायकलस्वाराला ट्रॉली दिसते ती हाताच्या अंतरावर आल्यावर. सहाला निघा, उजाडेपर्यंत गावातल्या दिव्यांत राहा, बिघडत काहीच नाही. मागचा लाल दिवा एक चालू-बंद होणारा आणि एक सलग जळणारा लावावा. धुक्यात नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्या ड्रायव्हरला अंतराचा अंदाज येत नाही. रस्त्यावर पडलेले उसाचे कांडे चुकवता आले नाही तर त्यावरून काटकोनात जायचे. तिरपे गेलात तर ते चाकाखाली गोल फिरते आणि पुढचे चाक निसटते.

आणि ते दगड. ट्रॉलीचे टायर फुटले की चाकांना मोठाले दगड लावतात. दुरुस्ती झाली की ट्रॅक्टर निघून जातो, दगड डांबरावर तसेच. दिवसा मोटरसायकलवाले ते चुकवतात. रात्री आणि पहाटे त्यांवर कोण आपटते, हे सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात विचारावे. गेल्या हंगामात याच सदरासाठी या विषयावर पत्र पाठवले होते, ते छापून आले नाही. जागेची अडचण मला समजते. पण दरीच्या फोटोला अर्धे पान मिळते आणि या दगडांना चार ओळी मिळत नाहीत, याचे वाईट वाटते. कारखान्यांनी आपल्या गेटवर वजनाच्या वेळी दिवा आणि रिफ्लेक्टर तपासला, आणि दगड उचलून नेणे ड्रायव्हरच्या करारातच घातले, तर त्याला वेगळा निधी लागत नाही.

येत्या रविवारच्या आत, म्हणजे शुक्रवारच्या किंवा शनिवारच्या अंकात, त्या लेखाला जोडून निदान ब्रेक तपासण्याची माहिती आणि निघण्याची सुधारित वेळ छापावी, ही विनंती. माझे पत्र लांबले आहे. कापायचे झाल्यास सुरुवातीचा भाग कापावा, ब्रेकचा आणि दगडांचा ठेवावा.

आपला,
एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर