साथ येण्याआधीच भाडेकरूंसाठी कायदा हवा

संपादक महोदय,

कोविडच्या काळात जगभरची सरकारे लोकांना एकच सांगत होती, घरातच राहा. पण भाड्याने राहणाऱ्याचे घर दुसऱ्याच्या मर्जीवर असते. पगार थांबला, दोन महिन्यांचे भाडे थकले आणि मालकाने ‘घर खाली करा’ म्हटले, की तो कुटुंब घेऊन जाणार कुठे? नातेवाइकांच्या आधीच भरलेल्या घरात, नाहीतर निवाऱ्यात. दोन्हीकडे साथीला मोकळे रान. अमेरिकेत ४ सप्टेंबर २०२० पासून भाडेकरूंना बाहेर काढण्यावर देशभर बंदी आली, ती रोगनियंत्रण केंद्राच्या आदेशाने. त्याआधी अनेक राज्यांनी आपापली बंदी उठवली होती. त्यामुळे त्या सप्टेंबरपर्यंत सुमारे १०,७०० जास्तीचे मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे.

रोगनियंत्रण केंद्राची ही बंदीही २६ ऑगस्ट २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. एवढी व्यापक बंदी घालायची तर संसदेने तसा स्पष्ट अधिकार द्यायला हवा, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. साथ अजून सरली नव्हती, पण संरक्षण संपले. घाईने काढलेल्या आदेशाचे असे होते, म्हणून कायदा आधीच तयार असायला हवा. भारतात २९ मार्च २०२० रोजी केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला. मजुरांकडे महिनाभर भाडे मागू नये, मजुरांना वा विद्यार्थ्यांना घर सोडायला लावणाऱ्या मालकांवर कारवाई करावी, असे त्यात होते. हेतू चांगला होता. महिना सरल्यावर काय, हा प्रश्न उरलाच.

२ जून २०२१ रोजी केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याला, म्हणजे राज्यांनी स्वीकारायच्या नमुना कायद्याला, मंजुरी दिली. आपत्तीच्या काळात कराराची मुदत संपली, तरी आपत्ती ओसरल्यावर एक महिन्यापर्यंत भाडेकरूला राहू द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. आपत्ती कोणत्या? युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा इतर नैसर्गिक संकट. साथरोग हा शब्दच नाही. दुसरी लाट नुकती ओसरत असताना तो कुणाला सुचू नये, याचे फार वाईट वाटते. साथ ‘इतर’मध्ये बसते की नाही, हा वाद आजारी भाडेकरूने कोर्टात का घालायचा?

नुसते भाडे पुढे ढकलूनही भागत नाही. इंग्लंडमध्ये घर सोडण्याच्या नोटिशीची मुदत मार्च २०२० मध्ये तीन महिने आणि ऑगस्टअखेर बहुतेक प्रकरणांत सहा महिने झाली. दिलासा खरा होता, पण थकबाकी वाढतच राहिली. शिवाय एका खोलीच्या भाड्यावर गुजराण करणारे वृद्ध मालकही असतात, त्यांचा भार भाडेकरूवर टाकणे जितके चूक, तितकेच सगळा भार त्यांच्यावर टाकणेही. थकलेले भाडे सार्वजनिक निधीतून थेट मालकाला मिळावे. अमेरिकेने त्यासाठी ४,६०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. तिथे पैसे पोहोचायला उशीर झाला, म्हणून अर्जाची व्यवस्थाही साथीआधीच उभी हवी.

आता घराच्या अवस्थेबद्दल. त्या काळात मीही भाड्याने राहत होतो. झोपायच्या खोलीत ओल आली होती, कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती आणि एकुलती खिडकी उघडत नव्हती. दोन महिन्यांचे भाडे थकले असल्याने मालकाला सांगायचे धाडस झाले नाही. मुलीचा खोकला ऐकत रात्री काढल्या. घरांत माणशी सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये सांगितले. बंद खिडकीच्या खोलीत ती कुठून येणार? तक्रार केली म्हणून घर जाणार असेल, तर दुरुस्तीचा नियम कागदावरच राहतो. तक्रारीनंतर ठरावीक काळ भाडेकरूला काढता येऊ नये, आणि पाणी-वीज तोडणे हेही बाहेर काढणेच धरावे.

शेवटी, ज्यांच्याकडे लेखी करारच नाही त्यांचा विचार आधी व्हावा. साथीत सर्वांत आधी सामान बाहेर पडते ते त्यांचे. वीजबिल, मुलांचा शाळेचा दाखला, भाड्याचे ऑनलाइन व्यवहार, शेजाऱ्यांची साक्ष, यांपैकी काहीही राहत असल्याचा पुरावा म्हणून चालावे.

– एक भाडेकरू वाचक