‘वाचले’ हा रकाना दुरुस्त करून देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

नेरूळची जागा भाड्याने देऊन तुम्ही पुण्याला लेकीकडे राहायला गेलात, त्याला आता महिना होऊन गेला. निघायच्या गडबडीत आभार मानायचे राहून गेले, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मी तीनदा विषय काढला आणि तिन्ही वेळा तुम्ही “आभार कसले, चहा घ्या आधी” म्हणून तो मोडून काढलात. पत्रातून मात्र तुम्हाला मला थांबवता येणार नाही. ते उघड लिहितो आहे, कारण आपल्या इमारतीतल्या चार घरांनी माझ्याकडून वाणसामानाचा खर्च आणि बचत मांडणारी संगणकावरची ती शीट मागून नेली आहे आणि तिच्यातली अक्कल माझी नव्हे, हे त्यांना कळायला हवे. तुमचे नाव कुठेही येऊ द्यायचे नाही, ही तुमची अट पाळली आहे.

आपली पहिली गाठ लिफ्टमध्ये पडली. सौ.च्या कामाच्या वेळा बदलल्यामुळे महिन्याची खरेदी नुकतीच माझ्याकडे आली होती, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी तुम्हाला कौतुकाने सांगितले होते की आज कूपनांवर 600 रुपये वाचवले. तुम्ही इतकेच विचारलेत, “आणि गेले किती?” मला तो आकडा सांगता आला नाही. त्या रविवारी लॅपटॉप घेऊन मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या शीटमध्ये चारच रकाने होते: तारीख, दुकान, बिल आणि वाचले. ‘वाचले’मध्ये मी बिलाच्या तळाशी छापलेला ‘आपली बचत’ हा आकडा जसाच्या तसा उतरवत असे. सहा महिन्यांची बेरीज 4,860 रुपये झाली होती आणि मला तिचा अभिमान होता.

सहकारी बँकेत तुमची हयात खातेवह्यांत गेली, त्यामुळे बेरीज पाहण्याआधी तुम्ही नोंदी पाहिल्यात. कीर्द आणि खतावणी मी एकाच पानावर कोंबली आहे, हा तुमचा पहिला आक्षेप होता. जे घडले ते घडले तसे, तारखेवार, एका वस्तूला एक ओळ देऊन पहिल्या पानावर लिहायचे आणि त्या पानावर हिशोब करायचा नाही; खात्यावार बेरजा दुसऱ्या पानावर, आणि त्या हाताने न लिहिता सूत्राने आणायच्या, हे तुम्ही पंधरा मिनिटांत पटवून दिलेत. नाव जुळणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारे सम-इफ हे सूत्र म्हणजे आपली खतावणीच, हे मला तेव्हा उमगले. घरगुती संगणकावरचा असला पहिला प्रोग्राम, व्हिजिकॅल्क, 1979 साली आला, ही माहिती मी मोठ्या उत्साहाने पुरवली, त्यावर तुम्ही म्हणालात, “आडवे-उभे रकाने आणि शेवटी ताळा, हे आम्ही त्याच्या आधीपासून करतोय.”

खतावणी पहिल्याच दिवशी चुकली, आणि का चुकली हे शोधण्यात आपली संध्याकाळ गेली. तूरडाळीची बेरीज निम्मीच येत होती. वर-खाली चाळल्यावर दिसले की मी कुठे ‘तूरडाळ’, कुठे ‘तूर डाळ’ आणि घाईत ‘तुरडाळ’ असे लिहिले होते, आणि यंत्राच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या डाळी होत्या. मग वस्तूंची एक पक्की यादी करून त्या रकान्यात टाइप करण्याऐवजी यादीतूनच निवडायची सोय केली. तारखांचे दुखणे याहून छुपे होते. शीटची मांडणी अमेरिकन असल्यामुळे 05/04 ही माझी पाच एप्रिलची नोंद ती निमूटपणे चार मे समजत होती, आणि 13/04 ही तारीखच नाही असे धरून बाजूला ठेवत होती. सेटिंगमध्ये देश भारत केला, जुन्या तारखा एकेक तपासल्या, तेव्हा एप्रिल आणि मे आपापल्या जागी आले.

पण खरी दुरुस्ती ‘वाचले’ या रकान्यात झाली. छापील किमतीशी तुलना करून निघालेली बचत ही दुकानदाराची बचत, आपली नव्हे, असे तुम्ही म्हणालात, कारण छापील किमतीला आपण ती वस्तू एरवीही कधी घेत नव्हतो. त्याऐवजी तुम्ही ‘नेहमीचा भाव’ नावाचा रकाना घातलात: त्या वस्तूच्या कूपनाविना झालेल्या मागच्या तीन खरेदींचा सरासरी भाव, किलोवर किंवा नगावर काढलेला. नेहमीच्या भावाने जे पडले असते त्यातून प्रत्यक्ष दिलेले वजा केले, की उरते ती बचत. बिलावर सरसकट मिळालेली सूट त्या बिलातल्या ओळींवर रकमेच्या प्रमाणात वाटायची. आणि त्याशेजारी ‘यादीत होते का?’ हा आणखी एक रकाना, ज्यात ‘नाही’ असेल त्या ओळीची बचत शून्य, मग सूट कितीही असो. हा शेवटचा नियम मला जाचक वाटला होता आणि मी थोडी हुज्जतही घातली होती.

हुज्जत मिटवायला तुम्ही माझेच एक बिल काढलेत. 1,500 रुपयांच्या खरेदीवर 150 रुपये सूट होती. माझी गरज 1,180 रुपयांची होती. कूपन लागू व्हावे म्हणून मी 340 रुपयांची भर घातली, बिल 1,520 झाले आणि सूट जाऊन 1,370 भरले. बिलाच्या तळाशी 150 रुपये वाचल्याचे छापले होते. खिशातून मात्र 190 रुपये जास्त गेले होते. त्या भरीतली मक्याच्या सूपची चार पाकिटे तेव्हाही आमच्या फळीवर होती, आणि तुम्ही मला घरी पाठवून त्यांच्यावरची मुदत पाहून यायला सांगितलेत. ती महिन्यापूर्वीच संपली होती. त्यानंतर मी हुज्जत घातली नाही.

नव्या पद्धतीने जुन्या सहा महिन्यांच्या सगळ्या ओळी पुन्हा भरल्या तेव्हा 4,860 चे 1,215 झाले. मी हिरमुसलो, आणि तुम्ही मात्र “बरे आहेत की, खरे आहेत” म्हणालात.

तेलाच्या पिशवीचा धडा मी आजही दुकानात उभा राहून आठवतो. वैधमापन म्हणजे वजन-मापांच्या नियमांमुळे हल्ली पाकिटावर एमआरपीसोबत दर ग्रॅमला किंवा दर मिलिलिटरला काय पडते तेही छापलेले असते, म्हणून मी निश्चिंत होतो. पण एका पिशवीवर भाव मिलिलिटरला होता आणि दुसरीवर ग्रॅमला, आणि तेल पाण्याहून हलके असल्याने एका लिटरचे वजन साधारण 910 ग्रॅमच भरते. एक लिटरची पिशवी 150 रुपयांना होती. दिसायला तेवढीच, पण 850 ग्रॅमची दुसरी पिशवी 145 ची, वर 3 रुपयांचे कूपन, म्हणजे 142 ला. मी अर्थातच दुसरी उचलली असती. किलोवर काढले तर पहिली 164 रुपये 84 पैशांनी पडत होती आणि दुसरी 167 रुपये 6 पैशांनी. तेव्हापासून शीटमध्ये तेल लिटरने लिहिले जात नाही.

कॅशबॅकच्या बाबतीत तुमचा खाक्या बँकेचाच राहिला. ॲपच्या वॉलेटमध्ये 75 रुपये दिसतात म्हणून ते मी बचतीत धरले, तर “वटला नाही तो चेक जमेस धरतात का?” असे विचारून तुम्ही ते खोडायला लावलेत. त्या 75 रुपयांची मुदत पंधरा दिवसांत संपली आणि ते कधीच वटले नाहीत. कूपनांसाठी वेगळे पान झाले ते यानंतर: मुदत, किमान खरेदी आणि कमाल सूट. मुदतीला तीन दिवस उरले की ओळ पिवळी होते. ‘20 टक्के सूट, कमाल 100 रुपये’ या कूपनाचे सार्थक 500 च्या बिलावरच होते आणि 1,000 च्या बिलावर ती सूट 10 टक्केच उरते, हे गणित शाळकरी आहे. ते मी वर्षभर केले नव्हते, इतकेच.

22 सप्टेंबर 2025 रोजी अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, म्हणजे करासह 118 रुपयांची वस्तू 105 वर यायला हवी, आणि ऑक्टोबरात माझी बचत एकाएकी फुगली. मी तुम्हाला फोन करून आनंदाने सांगितले. “ती करकपात आहे, तुमच्या कूपनाची कर्तबगारी नाही, त्या तारखेपासून नेहमीचा भाव नव्याने धरा,” असे उत्तर आले. नवा भाव धरला आणि बचत पुन्हा जमिनीवर आली.

शीटमधली सगळ्यात ठळक बचत मात्र कूपनाची नाहीच. मे महिन्यात आपण तीन घरांनी मिळून वाशीच्या बाजार समितीतल्या दाणाबंदर या धान्यबाजारातून तांदूळ आणि तूरडाळ आणली, मसाला मार्केटमधून मिरच्या आणि धने आणले. वर्षाची बेगमी ही आमच्या आईची जुनी सवय, आणि फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून मी ती मोडीत काढली होती. टेम्पोचे भाडे, हमाली आणि तांदळाला लावायच्या बोरिक पावडरची पुडीसुद्धा तुम्ही वेगळ्या ओळींवर लिहायला लावलीत, आणि तरीही त्या एका फेरीची बचत आधीच्या सहा महिन्यांच्या कूपनांपेक्षा जास्त भरली.

एक बाब मात्र उरली आहे. त्या टेम्पोच्या भाड्याचा माझा वाटा तुम्ही भरलात आणि नंतर घेतला नाहीत. शीटमध्ये तुमच्या नावे 120 रुपये देणे असल्याची ओळ मेपासून तशीच पिवळी आहे आणि ताळा तेवढ्याने चुकतो. पुढच्या वेळी भाडेकरूंना भेटायला नेरूळला याल तेव्हा ते कृपया घ्यावेत. चहा आमच्याकडे.

आपला नम्र,
चौथ्या मजल्यावरचा शेजारी
नेरूळ, नवी मुंबई